‘टिपेविना, भाष्याविना’: सिनसिनाटीच्या शाळांतील बायबलवाचनाचे प्रकरण (१८५२–१८७३)

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराच्या शाळा मंडळाने १ नोव्हेंबर १८६९ रोजी सार्वजनिक शाळांतले बायबलवाचन बंद केले. ठरावाच्या बाजूने २२ मते पडली, विरोधात १५. ठराव लागू होण्याआधीच काही नागरिकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ खटला चालला आणि शेवटी मंडळ जिंकले, पण ज्या मुद्द्यावर जिंकले तो मुद्दा बायबलचा नव्हता.

‘सिनसिनाटीचे बायबल युद्ध’ म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. त्यात रक्त सांडले नाही आणि चर्च जळले नाही. भांडण कागदावर झाले, त्यामुळे कोणता निर्णय कुठे चुकला हे आज ओळीओळीने तपासता येते. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तींची नावे दिली आहेत. अर्जदार पालक आणि विद्यार्थी यांची दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

सिनसिनाटीत सरकारी खर्चाच्या शाळा १८२९ मध्ये सुरू झाल्या. सकाळी पहिल्या तासाआधी शिक्षक बायबलमधला एक उतारा वाचत आणि मुले एखादे भजन म्हणत. वाचायची प्रत अर्थातच किंग जेम्स आवृत्तीची, म्हणजे १६११ च्या इंग्रजी भाषांतराची. प्रोटेस्टंट घरांत तेच बायबल असे, म्हणून वेगळे काही घडते आहे असे कुणाला वाटत नव्हते.

पुढच्या दोन दशकांत आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांनी शहराचा चेहरा बदलला. १८७० च्या जनगणनेत लोकसंख्या २,१६,२३९ भरली. आयरिश बहुतेक कॅथलिक. जर्मनांत कॅथलिक होते, ल्यूथरन होते, ज्यू होते आणि कोणताच धर्म न मानणारे मुक्तविचारवादीही होते. कॅथलिक धर्मप्रांताचे प्रमुख जॉन पर्सेल १८३३ पासून शहरात होते. १८३७ मध्ये त्यांनी प्रोटेस्टंट प्रचारक अलेक्झांडर कॅम्पबेल यांच्याशी अनेक दिवस जाहीर वादविवाद केला होता. म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांचे आक्षेप नीट ठाऊक होते; अज्ञानातून हा वाद उभा राहिला नाही.

कॅथलिक तक्रारींनंतर मंडळाने १८४२ मध्ये ठरवले, की पालकांची इच्छा नसेल तर मुलाला वाचनातून सूट द्यावी. १८५२ मध्ये त्याहून तपशीलवार नियम झाला. त्यात चार गोष्टी होत्या. रोजच्या कामकाजाची सुरुवात बायबलच्या उताऱ्याने व्हावी, वाचन शिक्षकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावे. पालकांना हवी ती आवृत्ती मुलाला वाचता येईल. मात्र ‘सध्या वापरात असलेल्या’ आवृत्तीखेरीज दुसरी हवी असेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना तसे कळवावे. आणि कोणत्याही आवृत्तीत टिपा, समासातले पाठभेद असू नयेत, शिक्षकाने भाष्य करू नये.

मंडळाला हा नियम उदार वाटला, आणि त्या काळाच्या मानाने तो उदार होताही. मेन राज्यात किंग जेम्स आवृत्ती वाचायला नकार देणाऱ्या कॅथलिक मुलीला शाळेतून काढणे न्यायालयाने १८५४ मध्ये योग्य ठरवले. बॉस्टनमध्ये १८५९ साली प्रोटेस्टंट पद्धतीने दहा आज्ञा म्हणायला नकार दिला म्हणून एका मुलाला वेताच्या छडीने बराच वेळ मारले गेले, आणि तिथेही शिक्षक निर्दोष सुटला. सिनसिनाटीत अशी छडी उगारली गेली नाही, याचे श्रेय १८५२ च्या नियमाला द्यायला हवे.

खरी अडचण कुठे होती

‘दोन्हीकडे बायबलच आहे, मग भांडण कशाचे?’ असा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. उत्तर तपशिलात आहे.

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. टोबित, यूदिथ, शलमोनाचे ज्ञान, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके कॅथलिक जुन्या करारात असतात. शिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांत जादा भाग असतो. बहुतेक स्तोत्रांचा क्रमांकही एकाने सरकतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे प्रोटेस्टंटांचे २३ वे स्तोत्र कॅथलिकांच्या तेव्हाच्या डुए आवृत्तीत २२ वे होते. शिक्षकाने ‘स्तोत्र ५१ उघडा’ म्हटले की डुए प्रत हातात असलेल्या मुलासमोर भलतेच पान यायचे.

दहा आज्ञा दहाच, पण मोजण्याची रीत वेगळी. मूर्ती करू नयेत ही ओळ कॅथलिक पहिल्या आज्ञेत धरतात आणि लोभाची आज्ञा दोन भागांत मोजतात. प्रेस्बिटेरियन व इतर रिफॉर्म्ड पंथ मूर्तींची आज्ञा स्वतंत्र, दुसरी म्हणून म्हणतात. ज्या मुलाच्या चर्चमध्ये संतांच्या मूर्ती आहेत, त्याला वर्गासमोर ती ‘दुसरी आज्ञा’ म्हणायला लावणे म्हणजे त्याच्याच तोंडून त्याच्या घरावर ठपका ठेवणे. इथे ल्यूथरन मात्र कॅथलिकांसारखेच मोजतात. दोन सरळ तट पाडून हे प्रकरण समजत नाही ते यासाठीच.

प्रभूची प्रार्थना घ्या. किंग जेम्स आवृत्तीत मत्तयाच्या सहाव्या अध्यायात शेवटी राज्य, पराक्रम आणि गौरव तुझेच, अशी ओळ आहे. डुएत ती नाही. वर्ग एका सुरात प्रार्थना म्हणत असताना कॅथलिक मूल एक वाक्य आधी थांबते, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात.

भाषांतराचा फरक याहून खोल जातो. मत्तय ३:२ मध्ये किंग जेम्स आवृत्ती ‘पश्चात्ताप करा’ म्हणते, डुए आवृत्ती ‘प्रायश्चित्त करा’ म्हणते. मराठी वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही: पश्चात्ताप मनात होतो, प्रायश्चित्त काहीतरी करून घ्यावे लागते. पापाची कबुली आणि धर्मगुरूने सांगितलेले प्रायश्चित्त या कॅथलिक व्यवस्थेचा आधारच त्या एका शब्दात आहे.

आता नियमातले शेवटचे कलम. ‘टिपेविना, भाष्याविना’ हे शब्द मंडळाने स्वतः घडवलेले नव्हते. १८१६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बायबल सोसायटीच्या घटनेतच ते होते, आणि त्यामागचे कारण प्रामाणिक होते. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, चर्चचा कारभार बिशपने पाहावा की वडीलमंडळाने, यावर प्रोटेस्टंट पंथांचे आपसात कधीच एकमत नव्हते. टीप घातली की एक पंथ दुखावणार. म्हणून नुसता मूळ पाठ छापायचा आणि अर्थ ज्याने त्याने आपल्या चर्चमध्ये लावायचा, असा तोडगा निघाला. बाप्टिस्ट, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन यांच्यात तो चाललाही.

कॅथलिकांसाठी हीच अट मुळावर येणारी होती. लोकभाषेतले बायबल रोमच्या मान्यतेने किंवा चर्चच्या आचार्यांच्या टिपांसह वाचावे, असा १७५७ चा आदेश होता. शास्त्राचा अर्थ व्यक्तीने एकट्याने लावायचा नाही, चर्चच्या परंपरेतून लावायचा, ही त्यांची शिकवण. तेव्हा डुए आवृत्ती चालेल पण टिपा फाडून, असे म्हणणे म्हणजे कॅथलिक प्रत प्रोटेस्टंट पद्धतीने वाचा असे सांगणे. प्रोटेस्टंटांच्या आपसातल्या भांडणावरचा तोडगा मंडळाने सर्वांसाठी तटस्थ नियम म्हणून लावला. पुढचे सगळे इथूनच सुरू होते.

ज्यू मुलांचा प्रश्न याहूनही साधा होता. सकाळच्या वाचनात नवा करार येई, आणि तो त्यांचा ग्रंथच नव्हे. सूट मागावी तर मूल रोज वर्गाबाहेर उभे.

१८६९: समोर असलेले पर्याय

पर्सेल यांच्या धर्मप्रांतात तोवर कॅथलिक शाळांचे जाळे उभे राहिले होते आणि शहरातली हजारो मुले तिथे शिकत होती. त्यांचे पालक सार्वजनिक शाळांसाठी कर भरत आणि आपल्या शाळांचा खर्चही उचलत. ओहायोच्या १८५१ च्या राज्यघटनेनुसार शाळा निधीच्या कोणत्याही भागावर कोणत्याही पंथाचा खास हक्क किंवा ताबा असू शकत नव्हता, त्यामुळे निधीत वाटा मिळण्याचा मार्ग बंद होता.

या स्थितीत मंडळासमोर साधारण पाच वाटा होत्या.

पहिली, १८५२ चा नियम तसाच ठेवणे. मतांच्या दृष्टीने सर्वात सोपी.

दुसरी, नियम दुरुस्त करून टिपांसह डुए प्रत चालवणे. पण एकाच वर्गात तीन प्रती, दोन क्रमांकन पद्धती आणि ज्यांचा कोणत्याच प्रतीशी संबंध नाही अशी मुले, हे एका शिक्षकाला सांभाळणे जवळपास अशक्य होते. फिलाडेल्फियात १८४३ च्या सुरुवातीला शाळा नियंत्रकांनी कॅथलिक बिशपच्या विनंतीवरून दुसऱ्या आवृत्तीला परवानगी दिली, तीही टिपा-भाष्य वगळूनच. ‘कॅथलिक लोक शाळेतून बायबल हाकलतात’ अशी आवई उठली, १८४४ च्या मे आणि जुलैमध्ये दंगली झाल्या, दोन कॅथलिक चर्चे जाळली गेली आणि डझनाहून अधिक माणसे मेली. सिनसिनाटीत हे सर्वांना आठवत होते.

तिसरी, दोन्ही बाजूंना मान्य उताऱ्यांचे पुस्तक करणे. आयर्लंडच्या राष्ट्रीय शाळांत १८३१ नंतर अँग्लिकन आणि कॅथलिक आर्चबिशपांच्या संमतीने असे उतारे तयार झाले होते. वीस वर्षांत तिथेही वाद पेटला आणि १८५३ मध्ये अँग्लिकन आर्चबिशप व्हेटली तिथल्या शिक्षण मंडळातून बाहेर पडले. उतारे निवडणे जमते. निवडणारी माणसे बदलली की ती संमती टिकत नाही.

चौथी, वाचन शाळेच्या वेळेबाहेर नेणे: ज्यांना हवे त्यांनी आधी किंवा नंतर, आपापल्या धर्मगुरूसोबत.

पाचवी, वाचन पूर्ण बंद करणे.

मंडळाने पाचवी वाट घेतली. ती कशी घेतली, हे वाटेइतकेच महत्त्वाचे आहे.

काय केले गेले

१८६९ च्या उन्हाळ्याअखेरीस मंडळातल्या एका कॅथलिक सदस्याने कॅथलिक शाळा सार्वजनिक व्यवस्थेत विलीन करण्याची बोलणी सुरू केली. मंडळाने इमारती घ्यायच्या, सुट्टीच्या दिवशी त्या चर्चला वापरू द्यायच्या आणि शाळेच्या वेळेत कोणतेही धर्मशिक्षण ठेवायचे नाही, असा आराखडा होता. याच बोलण्यांच्या जोडीने बायबलवाचन बंद करण्याचा ठराव मंडळापुढे आला.

मग आर्चबिशप पर्सेल यांनी विलीनीकरणातून अंग काढून घेतले. त्यांची भूमिका सुसंगत होती: प्रोटेस्टंट बायबल असलेली शाळा त्यांना नको होती, आणि धर्मच नसलेली शाळाही नको होती. बोलणी फिसकटली, पण बायबलचा ठराव मंडळापुढे तसाच राहिला.

पहिला मोठा निर्णयबिंदू हाच. विलीनीकरण मेल्यावर ठराव मागे घेऊन काही महिन्यांनी स्वतंत्रपणे आणता आला असता. मंडळ पुढे गेले. त्यामुळे शहरात समज पक्का झाला, की हा कॅथलिकांनी रचलेला सौदा आहे. प्रत्यक्षात ठरावाच्या पाठीशी ज्यू, मुक्तविचारवादी जर्मन आणि काही प्रोटेस्टंटही होते.

दुसरा निर्णयबिंदू शब्दांचा. १ नोव्हेंबरला दोन गोष्टी मंजूर झाल्या. एक, धर्मशिक्षण आणि पवित्र बायबलसह धार्मिक पुस्तकांचे वाचन शाळांत ‘निषिद्ध’ आहे. हेतू हा, की सर्व पंथांच्या आणि मतांच्या पालकांच्या मुलांना शाळा निधीचा सारखा लाभ मिळावा. दोन, १८५२ चा नियम रद्द.

दुसरी गोष्ट एकटी पुरेशी होती. नियम रद्द झाला की वाचनाची सक्ती आपोआप संपते. ‘निषिद्ध’ या शब्दाने मात्र विरोधकांच्या हातात आयते हत्यार दिले: मंडळ बायबलला बंदी घालते आहे. शिवाय ‘धार्मिक पुस्तकांचे वाचन’ किती दूर जाते? वर्गात चालणाऱ्या मॅकगफीच्या वाचनमाला सिनसिनाटीतच छापल्या जात, आणि त्यांत बायबलमधले उतारे भरपूर होते. ठराव काटेकोर लावायचा तर भाषेचे पाठ्यपुस्तकही कापावे लागणार. मनाई हुकूम मागणाऱ्याला इतके ठोस नुकसान दाखवता येईल असा मसुदा कोणत्याही मंडळाने करू नये.

न्यायालयात

सिनसिनाटीच्या सुपीरियर कोर्टात तीन न्यायाधीशांपुढे १८६९ च्या नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला युक्तिवाद झाले. अर्जदारांचा आधार होता राज्यघटनेतले वाक्य: धर्म, नीती आणि ज्ञान सुशासनाला आवश्यक असल्याने विधिमंडळाने शाळांना उत्तेजन द्यावे. धर्म आवश्यक, शाळा त्याचे साधन, आणि या देशात धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्म, अशी त्यांची साखळी.

मंडळाचे तीन वकील होते: जर्मनीत जन्मलेले मुक्तविचारवादी स्टॅलो, जॉर्ज होडली, आणि प्रेस्बिटेरियन चर्चचे एल्डर, म्हणजे वडीलमंडळातले सदस्य, स्टॅन्ली मॅथ्यूज. मॅथ्यूज यांची निवड या प्रकरणातली सर्वात शहाणी चाल म्हणावी लागेल. बायबल रोज वाचणारा माणूस उभा राहून सांगतो, की सरकारने ते वाचून दाखवू नये. तेव्हा हा खटला धर्म विरुद्ध अधर्म असा उरत नाही.

फेब्रुवारी १८७० मध्ये निकाल लागला. स्टोरर आणि हेगन्स या दोन न्यायाधीशांनी मनाई हुकूम कायम केला. बायबल कोणत्या एका पंथाचे नाही, असे त्यांचे म्हणणे. तिसरे न्यायाधीश अल्फॉन्सो टॅफ्ट यांनी वेगळे मत नोंदवले. वर्गात जे चालते ती प्रोटेस्टंट उपासना आहे, कॅथलिक आणि ज्यू नागरिकांचे हक्क तितकेच आहेत, आणि घटना कोणत्याही पंथाला झुकते माप देऊ देत नाही, असे त्यांनी मांडले. या मताची किंमत त्यांना मोजावी लागली: १८७५ मध्ये रिपब्लिकन पक्षाची गव्हर्नरपदाची उमेदवारी त्यांच्याऐवजी रदरफर्ड हेज यांना मिळाली, तेव्हा बायबल प्रकरणातले मत त्यांच्याविरुद्ध वापरले गेले.

निष्पत्ती

प्रकरण ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १८७२ च्या सत्रातले हे प्रकरण, निकाल १८७३ मध्ये एकमताने लागला. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन वेल्च यांचे. घटना धर्मशिक्षणाची सक्ती करत नाही. शाळेत काय शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार मंडळाचा आहे आणि न्यायालयाला त्यात हात घालता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. कायद्याने बांधलेला ख्रिस्ती धर्म ही संकल्पनाच स्वतःशी विसंगत आहे, असेही त्यांनी बजावले. मनाई हुकूम उठला आणि मंडळाचा ठराव लागू झाला.

निकालाची मर्यादा मात्र नीट पाहावी. वाचन घटनाबाह्य आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. मंडळ ते बंद करू शकते, तसेच चालूही ठेवू शकते. ओहायोतल्या इतर गावांत वाचन चालूच राहिले. कॅथलिक शाळाही विलीन झाल्या नाहीत, म्हणजे ज्या हेतूने बोलणी सुरू झाली तो साधलाच नाही. बाहेरच्या राजकारणात उलट परिणाम दिसला: १८७५ च्या डिसेंबरमध्ये पंथीय शाळांना सरकारी पैसा देण्यास मनाई करणारी काँग्रेस सदस्य ब्लेन यांची घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आली. ती मंजूर झाली नाही, पण अनेक राज्यांनी तशी कलमे आपापल्या घटनेत घातली.

काय वेगळे करता आले असते

मसुद्याबद्दल वर सांगितलेच आहे: ‘निषिद्ध’ टाळून फक्त जुना नियम रद्द करणे पुरेसे होते. विलीनीकरण आणि बायबल हे विषय एकाच महिन्यात मंडळापुढे यायला नको होते.

चौथा पर्याय, शाळेच्या वेळेबाहेरचे वाचन, पुरेसा तपासला गेला नाही असे आमचे मत आहे. त्याने आर्चबिशपांचे समाधान झाले नसते. पण मनापासून वाचन हवे असलेल्या प्रोटेस्टंट पालकांना जाण्यासाठी एक जागा राहिली असती, आणि मुलांकडून रोज काहीतरी हिरावले जाते आहे ही भावना इतकी तीव्र झाली नसती. ते पालक कपटी नव्हते. आपल्या मुलांच्या नीतीची त्यांना खरी काळजी होती, आणि मंडळाने त्या काळजीशी बोलण्याचा प्रयत्न फारसा केला नाही.

सर्वात मोठी संधी १८५२ मध्येच हुकली. तेव्हा फिलाडेल्फियाच्या दंगली ताज्या होत्या, कॅथलिक आक्षेप स्पष्टपणे मांडलेले होते, आणि शहर अजून इतके दुभंगलेले नव्हते. त्या नियमात ‘सध्या वापरात असलेली आवृत्ती’ ही पायाभूत धरली गेली. वेगळे हवे असणाऱ्याने कळवायचे. नुकताच जहाजातून उतरलेला, इंग्रजी न येणारा बाप मुख्याध्यापकांना पत्र लिहील अशी अपेक्षा होती. भारताच्या संविधानात अनुच्छेद २८(३) मध्ये भार दुसऱ्या बाजूला ठेवला आहे: राज्याच्या मान्यतेने किंवा मदतीने चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्यासाठी विद्यार्थ्याची, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाची, संमती लागते. गप्प राहणारा आपोआप सामील होत नाही. सिनसिनाटीच्या नियमात एवढा एकच बदल केला असता, तर वर्गात रोज नेमकी किती मुले वाचनाला बसतात हे मंडळाला १८५३ मध्येच मोजता आले असते.

‘टिपेविना, भाष्याविना’ हे शब्द मात्र टिकले. १९४९ च्या पेनसिल्व्हेनिया कायद्यात रोज शाळेच्या सुरुवातीला बायबलमधली किमान दहा वचने, भाष्याविना, वाचावीत असे लिहिले होते. १७ जून १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी असे वाचन घटनाबाह्य ठरवले. खटला आणणारे कुटुंब त्या वेळी युनिटेरियन चर्चला, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाच्या चर्चला, जाणारे होते, आणि टॅफ्टही युनिटेरियनच होते.